लेगोच्या विटांतून कोळीवाडा : मोबाईलवर फिल्म करायची की शोकेसमध्ये ठेवायचं? संच घेण्याआधी हे वाचा

कफ परेड (मुंबई) : दिवाळी, वाढदिवस नाहीतर मुंबईची एखादी फेरी, निमित्त काहीही असो, पोरांची एक मागणी आता गावोगाव ऐकू येते, "लेगो पाहिजे." मोबाईलवर त्यांनी विटांच्या माणसांच्या फिल्मा पाहिलेल्या असतात आणि तसंच काहीतरी आपणही करावं असं त्यांच्या मनात असतं. आईबाप दुकानात जातात, खोक्यावरचा फोटो बघतात आणि परवडेल तेवढं मोठं खोकं उचलतात. घरी आल्यावर कळतं की त्यात माणूस एकच आहे, घर चारी बाजूंनी बंद आहे, आत मोबाईलच काय, बोटही जात नाही. फिल्म तिथेच राहते आणि विटा पलंगाखाली जातात.

मोठा संच म्हणजे एका पिशवी खताचे पैसे सहज जातात, कधी त्याहून कितीतरी जास्त. बियाणं घेताना आपण पिशवीवरच्या फोटोला भुलत नाही, मागचं लेबल वाचतो आणि आपली जमीन कशी आहे ते बघतो. इथेही तसंच करायचं. आधी ठरवायचं की या विटांचं काय करायचं आहे. फिल्म करायची, की बांधून शोकेसमध्ये ठेवायचं, की दोन्ही? तिन्हींचा संच वेगळा लागतो.

समजायला सोपं जावं म्हणून एक खरी जागा डोळ्यासमोर ठेवू. कफ परेडचं मच्छीमार नगर. दक्षिण मुंबईच्या टोकाला, बधवार पार्कला लागून समुद्राच्या काठावर ही मच्छीमारांची वस्ती आहे. एका बाजूला होड्या आणि जाळी, पाठीमागे उंच टॉवर. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी रबरी बोटीतून याच किनाऱ्यावर उतरले, म्हणून देशभर हे नाव बातमीत आलं. पण तिथल्या माणसांचा रोजचा दिवस म्हणजे होडी, जाळं, बर्फ आणि मासळी. हे जर विटांतून उभं करायचं आणि त्याची फिल्म करायची म्हटलं, तर काय काय लागेल? आपल्याकडच्या बंदरावर, बाजारावर किंवा खळ्यावर फिल्म करायची असेल तरी हिशोब हाच.

स्टॉपमोशन म्हणजे काय? सुरुवात आपल्याच माणसाची

एखादी वस्तू ठेवायची, फोटो काढायचा. वस्तू किंचित सरकवायची, परत फोटो. असे शेकडो फोटो भराभर एकामागून एक दाखवले की वस्तू आपोआप चालते आहे असं डोळ्याला वाटतं. याला स्टॉपमोशन म्हणतात.

हे परदेशी खूळ आहे असं समजू नका. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. पैसे लावणाऱ्याला खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून जास्त दिवस थोडी थोडी फिल्म घेत राहिले. पडद्यावर तो अंकुर मिनिटभरात वाढून वेल झाला. 'अंकुराची वाढ' म्हणून ही फिल्म ओळखली जाते. त्यानंतर पैसा उभा राहिला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

वाटाण्याच्या फिल्ममध्ये झाड स्वतः वाढत होतं. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मची टंचाई असताना फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट केला. त्यात काडेपेटीतल्या काड्या हाताने हलवून नाचवल्या होत्या. तेच खरं स्टॉपमोशन. आज पोरं विटा हलवतात, त्यांनी काड्या हलवल्या, फरक तेवढाच.

विटांची फिल्मही जुनी आहे. डेन्मार्कमध्ये १९७३ साली लार्स आणि हेन्रिक हासिंग या दोन मुलांनी लेगोच्या विटा वापरून चंद्रावरच्या प्रवासाची छोटी फिल्म घरच्या सुपर ८ कॅमेऱ्यावर काढली. २००० साली लेगो कंपनीने स्टीव्हन स्पीलबर्गच्या नावाने खास फिल्म बनवायचा संच बाजारात आणला, त्यात कॉम्प्युटरला जोडायचा छोटा कॅमेरा होता. आज त्याहून चांगला कॅमेरा आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. म्हणजे कॅमेऱ्याचा खर्च वाचला, आता फक्त विटा नीट निवडायच्या.

विटेचं माप आधी समजून घ्या

लेगो कंपनी १९३२ साली डेन्मार्कच्या बिलुंड गावात एका सुताराने सुरू केली. आज आपण बघतो त्या जोडाच्या विटेचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं. विटेच्या वर गोल बटणं असतात, त्यांना स्टड म्हणतात, आणि आत पोकळ नळ्या. बटणं नळ्यांमध्ये घट्ट बसतात म्हणून वीट विटेला धरते.

माप असं. एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. विटेची उंची बटण सोडून ९.६ मिलिमीटर. पातळ पट्टी असते तिला प्लेट म्हणतात, ती ३.२ मिलिमीटर. तीन प्लेटी म्हणजे एक वीट. विटांचा माणूस, ज्याला मिनीफिगर म्हणतात, साधारण ४ सेंटिमीटर उंच असतो. तो १९७८ पासून आहे.

हे माप का सांगितलं? तर यावरून संच आपल्या कामाचा आहे की नाही ते कळतं. ४ सेंटिमीटरचा माणूस म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण चाळिसावा हिस्सा. खरी १२ मीटरची होडी धरली तर विटांची होडी सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास ३७ बटणं लांब झाली पाहिजे. एवढी मोठी होडी छोट्या संचात सहसा मिळत नाही. पण फिल्मसाठी तेवढी लागतही नाही. १८ ते २० बटणांची होडी, त्यात तीन माणसं मावतात, कॅमेऱ्याला ती पुरते.

टॉवरचं गणित बघा. १०० मीटरची इमारत या मापात अडीच मीटर उंच होईल, म्हणजे घराच्या आढ्याला लागेल. म्हणून टॉवर विटांचे बांधायचे नाहीत. मागे लांब छोटे ठोकळे उभे करायचे किंवा पुठ्ठ्यावर रंगवून लावायचे. कॅमेऱ्यात ते लांबचे टॉवर दिसतात. जाहिरातीतला मोठा इमारतीचा संच याच कारणासाठी घ्यायची गरज पडत नाही.

फिल्मसाठी संच : या गोष्टी बघा

माणसं किती? खोक्यावर नग किती आहेत ते मोठ्या अक्षरात असतं, माणसं किती ते फोटोत मोजावं लागतं. फिल्म माणसांवर चालते. कमीत कमी तीन माणसं पाहिजेत. लेगोच्या 'क्लासिक' नावाच्या खोक्यात विटा भरपूर असतात, उदाहरणार्थ ४८४ नगांचं मधलं आणि ७९० नगांचं मोठं खोकं, पण त्यात मिनीफिगर नसतो. विटा म्हणून ही खोकी चांगली, पण फिल्मचे नट वेगळे घ्यावे लागतील.

चेहरे किती? काही मुंडक्यांना पुढे एक आणि मागे दुसरा चेहरा छापलेला असतो. पुढे हसरा, मागे घाबरलेला. केस किंवा टोपी काढून डोकं फिरवलं की माणूस हसायचा थांबून घाबरतो. फिल्मला हा फार कामाचा भाग आहे.

पाय हलतात का? मिनीफिगरला गुडघा नसतो, पण दोन्ही पाय कमरेतून पुढे-मागे होतात. बाईचं पात्र असेल तर बऱ्याचदा पायांऐवजी घागऱ्याचा एक सरळ तुकडा येतो. दिसायला छान, पण ती बाई चालू शकत नाही, नुसती घसरते. कोळणीचं लुगडं गुडघ्यापर्यंतच असतं आणि ती झपाझप चालते. तेव्हा कोळीण करायची तर घागरेवाली घेऊ नका, साध्या पायांची घ्या आणि कागदाचं किंवा कापडाचं छोटं लुगडं नेसवा.

सांधे घट्ट आहेत का? ही सगळ्यात मोठी परीक्षा. माणसाचा हात आडवा करा आणि सोडा. तो तिथेच राहिला पाहिजे. हात हळूहळू खाली येत असेल तर तो नट कामाचा नाही. दोन फोटोंच्या मधे हात आपोआप पडला की फिल्ममध्ये माणसाला झटका आल्यासारखं दिसतं.

घर उघडं आहे का? चारी बाजूंनी बंद घर शोकेसमध्ये शोभतं, फिल्मला अडचण करतं. मागची बाजू उघडी किंवा छप्पर निघणारं असावं, म्हणजे बोट आणि मोबाईल दोन्ही आत पोचतात. नाटकाच्या रंगमंचासारखं, तीन भिंती पुरेत.

पाट आहे का? खालच्या मोठ्या सपाट पट्टीला बेसप्लेट म्हणतात. ३२ बाय ३२ बटणांची बेसप्लेट साधारण २५.६ सेंटिमीटरची चौरस येते, ४८ बाय ४८ ची ३८.४ सेंटिमीटर. ती नसेल तर प्रत्येक धक्क्याला सगळं हलतं. बऱ्याच संचांत बेसप्लेट येत नाही, वेगळी घ्यावी लागते. बटणांची बेसप्लेट माणसाचे पाय पकडून ठेवते, म्हणून चालण्यासाठी चांगली. होडी सरकवायची असेल तिथे मात्र बटणं नसलेल्या गुळगुळीत पट्ट्या लागतात, त्यांना टाइल म्हणतात.

चमकतं काय? सोनेरी-चंदेरी मुलामा दिलेले नग आणि मोठ्या काचा कॅमेऱ्यात त्रास देतात. मोबाईल आणि तुमचा हात त्यात दिसतो. फिल्मच्या संचात ते कमी असलेले बरे.

मच्छीमार नगर बांधायला काय लागेल?

वरचा हिशोब लावून यादी करू. समुद्रासाठी निळ्या टाइल किंवा सरळ निळा प्लास्टिकचा कागद. किनाऱ्यासाठी एक बेसप्लेट. होडीसाठी लाल, निळ्या, पांढऱ्या विटा आणि पुढच्या नाळीसाठी उतरत्या तिरप्या विटा. बोंबील वाळवायच्या वलांडीसाठी बारीक दांड्या आणि त्या पकडणारे चिमटे, हे दोन्ही नग बऱ्याच संचांत असतात. बोंबील म्हणून करडे लांबट बारीक तुकडे लटकवायचे. जाळं विटांचं करायच्या भानगडीत पडू नका, घरातली कांद्याची जाळीदार पिशवी कापली की जाळं तयार. नट तीन, एक तांडेल, एक खलाशी आणि एक मासळी विकणारी.

एवढ्याला ३०० ते ५०० नग पुरतात. म्हणजे दोन हजार नगांचं महागडं खोकं लागत नाही. मासे आणि खेकड्याचे तयार नग समुद्र, बंदर किंवा बोट या विषयाच्या छोट्या संचांत मिळतात. म्हणून एक विटांचं साधं खोकं आणि एक छोटा बोटीचा संच ही जोडी एका मोठ्या संचापेक्षा फिल्मला जास्त उपयोगी पडते.

शोकेससाठी संच : गणित उलटं होतं

शोकेससाठी माणसं किती याला महत्त्व नाही. बांधल्यावर लांबी, रुंदी, उंची किती होते ते खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत बघा आणि आपल्या फडताळात तेवढी जागा आहे का ते टेपने मोजा. भिंतीतला कोनाडा आठ इंचाचा आणि इमारत दहा इंचाची, असं झालं तर ती टीव्हीवर बसते आणि पहिल्याच आठवड्यात खाली येते.

मासेमारीच्या विषयावरचंच उदाहरण घ्या. लेगोने २०१७ मध्ये 'ओल्ड फिशिंग स्टोअर' नावाचा संच काढला होता, २०४९ नगांचा. मासेमारीचं सामान विकणारं जुनं लाकडी दुकान. बघत राहावं असं काम. पण आता त्याचं उत्पादन बंद आहे. बंद झालेले असे संच हातोहात विकले जातात आणि मूळ किमतीहून महाग होतात. शोकेसची हौस असेल आणि खिसा असेल तर गोष्ट वेगळी. पोरांच्या फिल्मसाठी असला संच घेणं म्हणजे शेळी बांधायला हत्तीचा साखळदंड.

जपानच्या कावाडा कंपनीने २००८ मध्ये नॅनोब्लॉक आणले. त्यांचे सगळ्यात लहान नग ४ मिलिमीटरचे. छोट्या जागेत बारीक काम दिसतं, म्हणून शोकेसला छान. पण ते नेहमीच्या विटांना जुळत नाहीत आणि फिल्मसाठी हलवणं जिकिरीचं. उलट टोकाला डुप्लो, म्हणजे लहान मुलांच्या मोठ्या विटा. लेगोच्या विटेच्या दुप्पट लांब, दुप्पट रुंद, दुप्पट उंच. तीन-चार वर्षांच्या पोराला याच द्या.

शोकेसची काळजी सोपी आहे. या विटा एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या असतात. गंज लागत नाही, पण ऊन लागलं की पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात. म्हणून खिडकीसमोर ठेवू नका. समुद्राकाठच्या घरात खारी दमट हवा आणि धूळ मिळून चिकट थर बसतो, आपल्याकडे चुलीचा धूर असेल तिथेही तसंच. काचेचं किंवा ॲक्रेलिकचं झाकण असेल तर उत्तम. नसेल तर रंगाचा मऊ ब्रश महिन्यातून एकदा फिरवा. धुवायच्या तर कोमट पाण्यात, हाताला सोसेल त्याहून कमी गरम, भांड्याचा थोडा साबण घालून. उकळतं पाणी आणि केस वाळवायचं मशीन नको, विटा वाकतात. स्टिकर लावलेले नग भिजवू नका.

दोन्ही करायचं असेल तर

एकाच संचातून फिल्म आणि शोकेस दोन्ही होऊ शकतं, फक्त बांधणी तुकड्यातुकड्यांनी करायची. १६ बाय १६ बटणांच्या छोट्या पाटांवर वेगळे भाग बांधा. एकावर होडीचा धक्का, एकावर वलांड्या, एकावर मासळीचा कट्टा. फिल्मच्या वेळी हवा तो भाग पुढे घ्यायचा, बाकीचे बाजूला. फिल्म संपली की सगळे शेजारी शेजारी लावून शोकेसमध्ये ठेवायचे. लेगोच्या 'क्रिएटर थ्री इन वन' नावाच्या संचांत एकाच विटांतून तीन वेगळ्या वस्तू बांधायच्या सूचना असतात. दोन्ही हेतू असणाऱ्याने अशा प्रकारचा संच आधी बघावा.

आयएसआय बघा, नावाला भुलू नका

लेगोच्या विटेचं मूळ पेटंट केव्हाच संपलं आहे. विटेचा आकार हा ट्रेडमार्क होऊ शकत नाही असा निकाल युरोपच्या न्यायालयाने २०१० मध्ये दिला. त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांनी स्वतःच्या नावाने तशा जुळणाऱ्या विटा बनवणं यात गैर काही नाही, आणि त्यातल्या काही चांगल्याही असतात. पण लेगोचं नाव किंचित बदलून, तसाच लाल चौकोन छापून विकतात ते नकली. हा फरक लक्षात ठेवा.

आपल्याकडे खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. १४ वर्षांखालच्या मुलांची खेळणी आयएसआय चिन्हाशिवाय विकायला परवानगी नाही. खोक्यावर आयएसआय चिन्ह आणि त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. मोबाईलवर बीआयएस केअर हे सरकारी ॲप घ्या, त्यात तो नंबर टाका, कंपनीचं नाव समोर येतं. नाव जुळलं नाही तर खोकं परत ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

बाहेरच्या देशातल्या खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आलं. ओरिजिनल लेगो परदेशापेक्षा आपल्याकडे महाग का वाटायचं, त्याचं हे एक मोठं कारण. जुळणारा दुसरा ब्रँड घ्यायचा असेल तर आधी त्याचं सगळ्यात लहान खोकं घ्या. घरी चार कसोट्या लावा. वीट बसते का, बसलेली वीट उलटी केल्यावर पडते का, काढताना दातांनी ओढावी लागते का, आणि माणसाचा हात आडवा राहतो का. चारही जमल्या तर मग मोठं खोकं.

मुंबईला कुणी जाणार असेल तर क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या बाजूला खेळण्यांची भरपूर दुकानं आहेत. भाव करता येतो. पण तिथेही आयएसआय आणि नंबर बघितल्याशिवाय पैसे काढू नका. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर बारीक नगांचा संच त्याच्या हाताला लागता कामा नये, गिळलं तर घशात अडकतं. घरात रांगतं पोर असेल तर चादर अंथरून त्यावरच खेळायचं आणि शेवटी चादरीचं गाठोडं करून वर ठेवायचं.

मोबाईलवर फिल्म कशी काढायची?

स्टॉप मोशन स्टुडिओ नावाचं ॲप मोबाईलवर फुकट मिळतं. सुरुवातीला तेवढं पुरतं. सेकंदाला १२ फोटो ठरवा. म्हणजे एका मिनिटाच्या फिल्मला ७२० फोटो. एका फोटोला सरासरी अर्धा मिनिट धरलं तर सहा तास. म्हणून पहिली फिल्म ३० सेकंदांची करा, ३६० फोटो, तीन तासांत होते. सिनेमाला सेकंदाला २४ चित्रं असतात, त्याच्या मागे लागू नका. २०१४ साली आलेला 'द लेगो मूव्ही' पोरांनी पाहिला असेल तर त्यांना सांगा की तो कॉम्प्युटरवर केलेला आहे, आपल्या हाताने तेवढं सफाईदार होणार नाही आणि व्हायची गरजही नाही.

मोबाईल हलता कामा नये. स्टँड नसेल तर दोन विटांमध्ये खाच ठेवून मोबाईल उभा करता येतो, विटा त्यासाठीही उपयोगी. बेसप्लेट टेबलाला चिकटपट्टीने पक्की करा. बटण दाबताना मोबाईल हलतो, म्हणून वायरचे इअरफोन लावा, बऱ्याच मोबाईलमध्ये त्याच्या आवाजाच्या बटणाने फोटो निघतो. फ्लाईट मोड चालू करा, नाहीतर मधेच फोन येतो आणि हात लागतो.

उजेड एकसारखा हवा. खिडकीतलं ऊन दर मिनिटाला बदलतं आणि फिल्म लुकलुकते. खिडक्या बंद करून दोन टेबललॅम्प लावा. ॲपमध्ये फोकस आणि उजेड लॉक करायची सोय असते, ती वापरा. पांढरा शर्ट घालून बसू नका, त्याचा उजेड विटांवर पडतो. लाईट जाणाऱ्या गावात चार्जिंगचा दिवा हाताशी ठेवा, पण अर्ध्या सीनमध्ये दिवा बदलू नका. सीन पूर्ण करा, मग बदला.

चालण्यासाठी चार फोटोंची एक फेरी. उजवा पाय पुढे, दोन्ही सरळ, डावा पाय पुढे, दोन्ही सरळ. एका पावलाला एक बटण पुढे. होडीसाठी प्रत्येक फोटोला दोन-तीन मिलिमीटर पुढे आणि एक फोटो किंचित डावीकडे, एक उजवीकडे कलती ठेवली की ती लाटांवर डुलते.

सिनेमाचं गाणं लावून फिल्म टाकली तर हक्कांच्या कारणाने आवाज बंद होऊ शकतो. त्यापेक्षा पोरांच्या आवाजात बोलणं घ्या, खऱ्या बंदराचा, बाजाराचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून लावा. पोरांचा चेहरा, शाळेचं नाव, घराचा पत्ता फिल्ममध्ये येणार नाही याकडे मोठ्यांनी लक्ष द्यावं.

पावसाळा हा चांगला मोसम

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या ओढून ठेवलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात. मच्छीमार नगर असो की आपलं बंदर, पोरांना होडी जवळून बघायची, तांडेलाला प्रश्न विचारायची हीच वेळ. होडीची नाळ कशी, जाळं कुठे बांधतात, बर्फ कुठे ठेवतात, हे विचारून आलेलं पोर विटांची होडी वेगळीच बांधतं. शेतावरच्या पोरांनी हेच पेरणीच्या वेळी करावं. पाभर, बैल, ट्रॅक्टर विटांत बसवायला चांगले विषय आहेत.

मुंबईतल्या सुरेश एरियत यांच्या स्टुडिओने रस्त्यावर टोपल्या विकणाऱ्या मुलीची 'टोकरी' ही मातीच्या बाहुल्यांची स्टॉपमोशन फिल्म केली, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विषय रस्त्यावरचाच होता. महाग सामान लागलं तरी गोष्ट जवळचीच लागते.

थोडक्यात

फिल्मसाठी : तीन माणसं, दुहेरी चेहरे, घट्ट सांधे, उघडं घर, एक बेसप्लेट, ३०० ते ५०० नग.

शोकेससाठी : बांधल्यावरचं माप, ठेवायची जागा, ऊन आणि धूळ यांचा बंदोबस्त.

दोन्हींसाठी : छोट्या पाटांवर तुकड्यांची बांधणी, एकाच संचातून तीन वस्तू होतील असा संच.

सगळ्यांसाठी : आयएसआय चिन्ह, लायसन्स नंबर ॲपवर तपासणं, नवीन ब्रँडचं आधी लहान खोकं.

पैसे कमी असतील तर एक छोटा संच आणि घरातला पुठ्ठा, जाळी, निळा कागद यावर सुरुवात करा. तेवढंही जमत नसेल तर काडेपेटी आहेच, आतल्या काड्यांचा गूळ काढून द्या आणि पोरांना फिल्म करू द्या. आपल्या तालुक्यातल्या कुठल्या पोरांनी अशी फिल्म केली तर आम्हाला जरूर कळवा, बातमी करू.